अपयशाचं पहिलं बक्षीस

गवीपुरम, बेंगळुरू
३ मार्च २०२५

चि. भव्या,

आशीर्वाद आहेतच, ते फुकट असतात. बाकीचं बोलायला फोन करावा तर तू उचलत नाहीस. माझ्या मेसेजपुढे महिनाभर एकच टिक. शेवटी वरच्या मजल्यावरच्या चंदनाला दाखवलं, तर ती म्हणाली, "आंटी, तुम्हाला ब्लॉक केलंय." मी म्हटलं, सरी, ठीक आहे. पोस्टमनला कशी ब्लॉक करशील? म्हणून हे पत्र. एकाच गावात राहून आत्याने भाचीला पत्र लिहायचं! तुझा बाप दावणगेऱ्याहून विचारतो, "भव्या येते का गं घरी?" मी सांगते, कामात आहे बिचारी.

तुझ्या कार्यक्रमाचं पुढे काय झालं ते तुझ्या कानावर आलंय की नाही, देव जाणे. नसेल आलं असं धरून लिहिते.

गेल्या नोव्हेंबरात तू तुझ्या ट्रेनिंग कंपनीतर्फे काकांच्या फॅक्टरीत 'सोलिन हब्ब' केलास. हरण्याचा सण! नाव ऐकून मी म्हटलं होतं, अय्यो, या गावात सण कमी पडले काय? तू मला समजावलंस. सरकारी फॅक्टरीतला माणूस नवीन काही करून बघायला घाबरतो, कारण चुकलं की मान त्याची जाते. म्हणून आधी चुकायची भीती घालवायची. ज्याने काही नवीन करून बघितलं आणि फसलं, त्याने चारचौघांत उभं राहून सांगायचं, आणि सगळ्यात चांगल्या अपयशाला बक्षीस. मला पटलं होतं गं. खरंच पटलं होतं. तुझ्या काकांनी भट्टीची गोष्ट सांगितली आणि पहिलं बक्षीस घेऊन आले. जनरल मॅनेजर विनोदकुमार साहेबांनी स्वतः त्यांच्या डोक्यावर म्हैसूर पेटा घातला, शाल दिली, फळांची करंडी दिली. त्यातलं डाळिंब तूच सोलून खाल्लंस, माझ्या ओट्यावर बसून.

ती भट्टीची गोष्ट फोटोसकट फॅक्टरीच्या मासिकात छापून आली. दक्षता विभागाने ती वाचली. आणि गेल्या महिन्यात काकांच्या हातात आरोपपत्र पडलं. लेखी परवानगीशिवाय सरकारी भट्टीत फेरफार केला, मालाचं नुकसान केलं, आणि सदर कर्मचाऱ्याने तसं स्वतः कबूल केलं आहे. पुरावा म्हणून काय जोडलंय? मासिक. खाली सही कोणाची? विनोदकुमारांची.

येत्या डिसेंबरात हा माणूस रिटायर होणार होता. आता चौकशी बसली. दोषी ठरले तर डाग घेऊन बाहेर पडणार, आणि ग्रॅच्युइटी अडकेल ती वेगळीच. इतकी वर्षं फोरमन म्हणून मान खाली घालावी लागली नाही, ती आता घालायची.

तू त्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, "इथे जो बोलेल त्याच्यावर कसलीही कारवाई होणार नाही, एमडी साहेबांनी शब्द दिलाय." ते एमडी बदलून गेले. नवे विचारतात, असा शब्द दिला होता हे कोण सांगतं? तूच सांगू शकतेस. दोन ओळी लिहून दे, तुझ्या सहीने. मला आणखी काही नको.

काका बरे आहेत. बीपीच्या एका गोळीच्या दोन झाल्या, एवढंच. मी तुला लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही.

तुझी आत्या,
सुनंदा


१२ मार्च २०२५

भव्या,

तुझं उत्तर नाही, तेव्हा मी आपली निघाले. बोम्मसंद्र्याची बस पकडली आणि थेट फॅक्टरीच्या गेटवर जाऊन उभी राहिले. काकांना सांगितलं होतं की मठात चाललेय. गेटवरच्या शिपायाला म्हटलं, गुंडूरावांची बायको आलीय, साहेबांना भेटल्याशिवाय जात नाही. त्याने बिचाऱ्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. काकांना सगळे ओळखतात तिथे.

विनोदकुमार माणूस वाईट नाही, हेच तर वाईट. उठून उभे राहिले, "बन्नी अक्का, या, बसा" म्हणाले, कॉफी मागवली. मी विचारलं, "साहेब, तुम्हीच पेटा घातलात आणि तुम्हीच आरोपपत्र दिलंत?"

"अक्का, बक्षीस वेगळं आणि चौकशी वेगळी. ते ट्रेनिंग खात्याचं काम होतं, हे दक्षता खात्याचं. मी दोन्हीकडे सही करणारा माणूस."

"पण गोष्ट तर एकच आहे ना?"

"गोष्ट एकच. फाइली दोन." असं म्हणून ते स्वतःच स्वल्प हसले, मग त्यांनाही बरं वाटेना. म्हणाले, "छापून आलं नसतं तर मी डोळेझाक केली असती. छापून आलेलं मी वाचलं नाही असं कसं म्हणू? उद्या माझ्यावर येईल."

मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांना सांगितलंत घाबरू नका, आणि तुम्हीच घाबरलात."

ते उठले. दारापर्यंत सोडायला आले. तिथे हळूच म्हणाले, "त्या ट्रेनिंग कंपनीने लिहून दिलं ना, की अभय दिलं होतं, तर मी चौकशी तिथल्या तिथे बंद करायची शिफारस करीन." म्हणजे बघ, किल्ली तुझ्याकडे आहे. हे मी माझ्या मनचं लिहीत नाही.

सुनंदा आत्या


३० मार्च २०२५

भव्या,

आज युगादी. पुरण वाटून होळिगे केल्या. काकांनी अर्धी खाल्ली आणि पान बाजूला सारलं. मग मी डब्यात भरून तुझ्याकडे घेऊन आले. सर्जापूर रोडला रिक्षावाले मीटरने येत नाहीत, एकाशी भांडत भांडत आले.

तुझ्या अपार्टमेंटच्या गेटवर शिपायाने नाव विचारलं, फोनमध्ये काहीतरी टाईप केलं, थांबायला सांगितलं. मी उन्हात थांबले. मग तो म्हणाला, "अम्मा, मॅडमनी रिजेक्ट केलं." मी म्हटलं, परत दाब, चुकून झालं असेल. त्याने परत दाबलं. परत रिजेक्ट. त्यालाच लाज वाटली, म्हणाला, "अम्मा, मीटिंगमध्ये असतील." युगादीला कसली मीटिंग गं?

सहा वर्षं तू माझ्या घरात राहून इंजिनिअर झालीस. काका स्कूटरवरून तुला कॉलेजला सोडायचे, मग उलटं फिरून बोम्मसंद्र्याला जायचे. आणि मला तुझ्या दारात शिपाई सांगतो, रिजेक्ट. मी उपकार मोजत नाहीये. मला दुखलं, ते लिहितेय.

डबा शिपायाकडे ठेवलाय. होळिगे खा किंवा टाकून दे.

आत्या


१३ एप्रिल २०२५

भव्या,

परवा हरी घरी आला होता. हरी म्हणजे काकांच्याच सेक्शनमधला, बुटका, सारखा पान खाणारा, तुझ्या कार्यक्रमात माइक फिरवत होता तो. चौकशीत काकांची बाजू मांडायला एक सहकारी घेता येतो, तर हरीने आपलं नाव दिलंय. बाकी कोणी दिलं नाही. काका आंघोळीला गेले तेव्हा त्याने मला जे सांगितलं ते काकांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, त्या दिवशी तू स्टेजवर उभी राहून पुनःपुन्हा विचारत होतीस, "कोण सुरुवात करतंय?" आणि अख्ख्या हॉलमध्ये एक हात वर होईना. सगळे आपल्या बुटांकडे बघत बसलेले. तुझ्या कंपनीचे दोघे मागे उभे होते, ते आपसात कुजबुजायला लागले. तुझा आवाज कापायला लागला. काका हरीला म्हणाले, "पोरीचं पहिलंच मोठं काम आहे, पडायला नको," आणि उठले.

त्यांना बक्षीस नको होतं, भव्या. बोलायचंही नव्हतं. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून हा माणूस उठला.

आणि उठल्यावर मात्र छान बोलले म्हणे. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या भट्टीत वाळायला फार वेळ लागतो, म्हणून त्यांनी जुन्या कूलरचा पंखा काढून भट्टीला जोडला. वरून गुंडाळी खडखडीत वाळली, आत ओल तशीच, आणि टेस्टिंगला लावल्यावर असा धडाका झाला की टेस्टिंगवाला टेबलाखाली! हॉल हसून हसून लोटपोट. मग म्हणाले, "पण वारा आतून सोडला असता तर जमलं असतं, मला अजून तसं वाटतं, कोणाला करून बघायचं असेल तर मी सांगतो." त्यानंतर हात वर होतच राहिले. हरी म्हणतो, तितकी माणसं बोलताना त्याने त्या फॅक्टरीत कधी बघितली नव्हती. कोणी स्टोअरमधलं सांगितलं, कोणी रंगकामातलं. दोघेतिघे जण तर दुसऱ्या दिवशी काकांकडे आले, भट्टीत आतून वारा सोडून बघूया म्हणाले.

म्हणजे तुझं खरं होतं. तू सांगितलंस तसंच झालं. माणसं उघडली. हे तुझ्या कंपनीच्या अहवालात असेलच.

आता त्या दोघातिघांपैकी एकही काकांच्या बाजूला जेवायला बसत नाही. काका डबा एकटे खातात. खातात म्हणजे, तसाच परत आणतात. मी विचारलं तर म्हणतात, ऊन फार आहे.

चौकशीची तारीख जूनमध्ये आहे. तुझ्या दोन ओळी.

आत्या


२९ एप्रिल २०२५

माझ्या लाडक्या भव्या,

तुझं पत्र आलं! पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी पिठाचे हात घेऊनच धावले. तुझं अक्षर बघून आधी रडून घेतलं, मग वाचलं. "आत्या, मला माफ कर, कंपनीने बोलायला बंदी केली होती, पण मी लेखी देईन. थोडा वेळ दे." किती वेळ हवा तेवढा घे गं बाई, जून लांब आहे.

मी पत्र काकांना दाखवलं. आधी रागावले, "तिला कशाला त्रास दिलास?" मग चष्मा लावून दोनदा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. आणि भव्या, त्यांनी भात परत मागितला. परत मागितला! सारासाठी वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि हरीला फोनवर सांगितलं, "आपलं माणूस लिहून देतंय."

माझ्या आधीच्या पत्रांत वेडंवाकडं गेलं असेल तर मनावर घेऊ नकोस. तोंड माझं तिखट आहे, तुला माहीत आहे. एकदा ये. तुझ्यासाठी बिसीबेळे भात करते, तूप सोडून.

तुझीच आत्या


६ जून २०२५

भव्या,

चौकशी सोळा तारखेला आहे. तू पाठवलंस ना? हरी म्हणतो, अजून काही आलं नाही. काका म्हणतात, तिने शब्द दिलाय, येईल. मीही तेच म्हणते.

आत्या


२१ जून २०२५

भव्या,

तुझं निवेदन चौकशी अधिकाऱ्यांकडे वेळेवर पोचलं. कंपनीच्या लेटरहेडवर, तुझ्या सहीने. हरीने मला तोंडी सांगितलं, मी दोनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

"सहभागी कर्मचाऱ्यांना प्रचलित नियमांच्या चौकटीत राहून अनुभव सांगण्याची सूचना देण्यात आली होती. शिस्तभंगाच्या कारवाईपासून संरक्षणाचं कोणतंही आश्वासन देण्यात आलं नव्हतं."

लेखी देईन म्हणालीस. दिलंस की.

पुढे काय झालं तेही ऐक. ते वाचून झाल्यावर हरीने आपला फोन काढला. त्याच्याकडे त्या दिवशीचा फोटो होता. तू हातात माइक घेऊन हसतेस आणि तुझ्या मागे पडद्यावर एवढ्या मोठ्या कन्नड अक्षरांत 'हेदरबेडी', घाबरू नका, आणि त्याखाली, 'इथे सांगितलेल्या अपयशाबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही.' सकाळीच जुन्या फोटोंत शोधताना त्याला सापडला होता. काकांनाही त्याने बाहेर दाखवला होता. एवढा फोटो टेबलावर ठेवला असता की संपलं होतं सगळं.

चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "गुंडूराव, या साक्षीदाराला बोलावून उलट प्रश्न विचारायचेत का?"

काका म्हणाले, "नाही साहेब. तिने लिहिलंय ते बरोबरच असणार."

हरी कानाशी लागून म्हणाला, "अण्णा, अहो फोटो आहे!"

"हरी, फोन खिशात ठेव."

"अण्णा, वेड लागलं काय तुम्हाला?"

"ठेव म्हटलं ना."

आणि त्यांनी सही केली. आरोप मान्य.

घरी आल्यावर मी त्यांना धरलं. अशी भांडले, भव्या, लग्नाला इतकी वर्षं झाली पण अशी कधी भांडले नव्हते. म्हटलं, का? ते म्हणाले, "फोटो दाखवला तर ती खोटं बोलली असं कागदावर येतं. मग तिला कोण ठेवेल?" मी म्हटलं, "आणि तुम्हाला?" तर म्हणाले, "माझं संपतच आलं होतं गं. तिची तर सुरुवात आहे."

मी विचारलं, "आणि मी? माझं कोणी काही बघायचं की नाही?"  पंख्याकडे बघत बसले.

मला त्यांचा इतका राग आला होता की मी जेवायला वाढलं नाही. त्यांचा राग संध्याकाळपर्यंत गेला. तुझा गेलेला नाही.

सुनंदा


१४ सप्टेंबर २०२५

भव्या,

हे पत्र मी काकांच्या सांगण्यावरून लिहितेय. नाहीतर लिहिणार नव्हते.

निकाल गेल्या महिन्यात लागला. सक्तीची निवृत्ती. डिसेंबरपर्यंतही ठेवलं नाही. त्या फॅक्टरीत रिटायर होणाऱ्याला त्याच्या सेक्शनची माणसं गळ्यात हार घालून गेटपर्यंत चालवत आणतात, मशीनजवळ उभं करून फोटो काढतात, बायकोलाही बोलावतात. मी त्यासाठी गेल्या वर्षीच साडी घेऊन ठेवली होती, अंजिरी रंगाची. काका त्या दिवशी दुपारीच घरी आले. हातात डब्याची पिशवी, त्यात भट्टीजवळ घालायची चप्पल. मी विचारलं, लवकर कसे? म्हणाले, "झालं." पिशवी खुंटीला लावली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. हरी तेवढा गेटपर्यंत आला होता म्हणे. बाकीचे कामात होते.

हरी अधूनमधून येतो. तो सांगतो, भट्टीचा दरवाजा आता नीट बसत नाही, उष्णता बाहेर जाते, सगळ्यांना दिसतं. पण कोणी हात लावत नाही. हात लावला की फेरफार होतो. आणि यंदा पुन्हा सोलिन हब्ब आहे, सर्क्युलर निघालंय, प्रत्येक सेक्शनने एक तरी अपयश पाठवायलाच हवं, न पाठवल्यास कारण द्यावं. सगळ्या सेक्शननी लिहून दिलं, आमच्याकडे कसलंच अपयश नाही. कार्यक्रम करणारी कंपनी तुमचीच आहे म्हणे. हॉलमध्ये तू येणार की दुसरं कोणी, ते तुलाच ठाऊक.

काका दिवसभर घरात असतात. टीव्ही लावत नाहीत. कुकर शिट्टी नीट देत नव्हता, मी म्हटलं, जरा बघता का? या माणसाने माझ्या घरातला मिक्सर, गिझर, शेजाऱ्यांचा पंप, काय म्हणून उघडायचं बाकी ठेवलं नव्हतं. त्यांनी कुकर हातात घेतला, उलटा करून बघितला आणि परत ठेवला. म्हणाले, "दुकानात दे. आपण उघडायला नको." त्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले.

आता निरोप. नवरात्र आठ दिवसांवर आलंय. पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांच्या पेट्या माळ्यावरून काढायच्या आहेत. काल काका म्हणाले, "भव्याला लिही. दरवर्षी पायऱ्या तीच लावते, तिला ठाऊक आहे कोणती बाहुली कुठे. म्हणावं, झालं गेलं मनात ठेवू नकोस, नवरात्राला ये. तिला वाटत असेल आम्ही रागावलोय." मी भाजी चिरत राहिले, तर म्हणाले, "लिहिशील ना?" मी हो म्हटलं. म्हणून लिहिलं. त्यांचा निरोप त्यांच्या शब्दांत तुला पोचवला, एक अक्षर बदललं नाही.

आता माझा. येऊ नकोस.

तू आलीस तर ते तुला दारात बघून हसतील. तुझ्या डोक्यावर हात ठेवतील. नोकरी कशी चाललीय विचारतील आणि तू सांगशील त्या सगळ्यावर विश्वास ठेवतील. ते मला बघवणार नाही. त्यांनी विचारलं तर मी सांगेन, पोरगी कामात आहे. तुझ्या बापालाही मी तेच सांगत आलेय.

सुनंदा